वाणाबरोबर नमुना अ

सुलू घागच्या घरी हळदीकुंकवाला गेलं की येताना भांड्यांचं लिक्विड घेऊनच यायचं, हे बेव्हर्ली पार्कमधल्या तिच्या सोसायटीच्या चारही विंगांना ठाऊक होतं. कपाळाला कुंकू लागलं, तिळगूळ हातावर पडला, मसाला दुधाचा पेला तोंडाला लागला, की सुलू आतून एक करपलेला टोप घेऊन बाहेर यायची. तो टोप ती आदल्या दिवशी मुद्दाम करपवायची. आपल्याच घरातला धडधाकट टोप गॅसवर ठेवून शांतपणे जाळत बसणारी बाई साऱ्या मीरा रोडमध्ये ही एकच असावी. मग शुभ्रांगी होमकेअरचं दोन चमचे हिरवं पाणी, एक जुनी घासणी, बोलता बोलता चार हात, आणि टोप असा लख्ख निघायचा की बायका तो हातोहात फिरवून बघायच्या. वाण म्हणून त्याच लिक्विडची पाकिटं वाटलेली असायची आणि सुलूची ऑर्डरवही दाराजवळच्या स्टुलावर उघडी असायची.

नऊ वर्षांपूर्वी मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि सुलूला घर खायला उठलं, तेव्हा हे सुरू झालं. त्याआधी गॅस एजन्सीचा फोन आला तरी ती तो नवऱ्याच्या हातात द्यायची. रत्नागिरीहून लग्न होऊन आली तेव्हापासून चार माणसांत बोलायचं म्हणजे तिच्या घशाला कोरड पडायची. आता ती चाळीस बायकांसमोर अर्धा तास बोलायची आणि मधूनमधून हसवायचीसुद्धा. कंपनीनं तिला काय दिलं असेल ते असो, पण ही जीभ मात्र दिली होती, आणि त्याबद्दल सुलूच्या मनात कंपनीविषयी खरोखरीची माया होती.

शुभ्रांगीत पायऱ्या होत्या. आधी मोती, मग पोवळं, मग माणिक, वर हिरा. सुलू चार वर्षं माणिक होती. माणिक राहायचं तर दरवर्षी जानेवारी संपायच्या आत आपल्या हाताखाली दोन नवे मेंबर आणायचे, नाही आणले तर सरळ खाली पोवळ्यावर. फेब्रुवारीत भाईंदरच्या एका हॉलमध्ये मेळावा व्हायचा, त्यात माणिकांना लाल पट्टा घालून स्टेजवर बसवायचे. तो फोटो मुलगी नाशिकहून स्टेटसला ठेवायची, ‘माय मम्मी’ म्हणून. सुलूला हिरा व्हायची हाव नव्हती. तिला तो पट्टा आणि ती खुर्ची तेवढी हवी होती, आणि हे ती स्वतःशी कबूलही करायची.

यंदा दोघी नजरेत होत्या. एक मंदा, तारोडीहून रोज सकाळी भाजीची पाटी घेऊन येणारी. दिवसाला चाळीस दारं वाजवणाऱ्या बाईनं पाटीत चार बाटल्या ठेवल्या तर काय बिघडलं, असा सुलूचा हिशेब. दुसरी संचिता, बी विंगमधली, सत्तावीस वर्षांची. स्टेशनजवळच्या एका दातांच्या दवाखान्यात ती काउंटरवर बसायची आणि तिथल्या डॉक्टरच्या खेकसण्याला विटली होती. तिनं एकदा जिन्यात थांबून विचारलं होतं की काकू, यात खरंच घर चालण्याइतकं सुटतं का. सुलूनं कंपनीनं शिकवलेलं उत्तर दिलं होतं: “माझ्याकडे बघ ना.” आकडा सांगायचा नाही, खोटंही बोलायचं नाही, फक्त एवढंच म्हणायचं. संचितानं बघितलं. तिला नीट इस्त्रीची साडी दिसली, खांद्याला मोठी बॅग दिसली, हसरा चेहरा दिसला.

संक्रांत झाली आणि चार दिवसांनी शुभ्रांगीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बॉम्ब पडला. तो टाकला चंदन सरांनी. चंदन सर म्हणजे सुलूच्या वरचे, भाईंदर पश्चिमेचे, हिरा. त्यांनी सरकारच्या नव्या नियमांची सोळा पानांची पीडीएफ पाठवली आणि खाली व्हॉइस मेसेज ठेवला की कुणालाही मेंबर करण्याआधी आता त्याला सात दिवस आधी लेखी कागद द्यावा लागणार. त्यात आपली खरी कमाई, किती जणांना आणलं, किती टिकले, आठवड्याचे तास किती जातात, सगळं. “सुलूताई, ये लागू झालं ना, तर अपना धंदा खल्लास. असला कागद वाचून कोण बाई जॉइन होणार?” सगळ्यांनी विरोध करा, असंही ते म्हणाले, पण तोवर सुलूचं अवसान गळालं होतं. तिनं फोन नवऱ्याच्या हातात दिला.

पंढरीनाथ एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झाला होता. तेहतीस वर्षं नोकरी, आणि रिकामा रकाना बघितला की अजूनही त्याच्या हाताला खाज सुटायची. सोसायटीतल्या निम्म्या लोकांचे पासपोर्टचे, शाळेचे, पाण्याच्या मीटरचे अर्ज त्यानंच भरलेले. सरकारी कागद तो नेहमी मागून वाचायचा, कारण त्याच्या मते पुढे सगळा पाल्हाळ असतो आणि कामाचं ते परिशिष्टात असतं. त्याप्रमाणे त्यानं शेवटचं पान उघडलं. तिथं ‘नमुना अ’ होता, अकरा रकान्यांचा, कोरा करकरीत. वरच्या कुठल्याशा पानावर पंधरा फेब्रुवारी ही तारीख त्याला ओझरती दिसली. ती मुदत, असं त्यानं ठरवलं आणि जाहीर केलं की नियम लागू आहे, भरून टाकू. तो झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रिंट काढून आला तेव्हा सुट्टी लागलेल्या पोरासारखा खूश होता.

दोन दुपारी त्यानं बायकोची उलटतपासणी घेतली. सुलूच्या नऊ वर्षांच्या वह्या त्यानं माळ्यावरून काढल्या. आतापर्यंत आणलेले मेंबर, एकतीस. त्यातले आज काम करणारे, चार. आठवड्याचे तास सुलूनं सहा सांगितले, तर त्यानं चष्म्यावरून तिच्याकडे बघून वीस लिहिले. गार आमटी रोज आपणच खातो, तेव्हा या रकान्याचा साक्षीदार आपण आहोत, असं त्याचं म्हणणं. मग कमाईचा रकाना आला. स्वतःसाठी घेतलेला माल, वाणाची पाकिटं, रिक्षा, सगळं वजा जाता महिन्याची सरासरी निघाली ती त्यानं आकड्यांत लिहिली आणि खाली सुवाच्य अक्षरांत, अक्षरी रुपये एक हजार एकशे चाळीस मात्र.

सुलूनं तो ‘मात्र’ तीनदा वाचला. तो काढा, असं तिनं सांगून बघितलं, पण अक्षरी लिहिताना तो लागतोच, असं पंढरीनाथचं उत्तर आलं. तिला वाटत होतं तीनेक हजार तरी सुटत असतील. कधी बेरीज केलीच नव्हती. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना म्हणून तिनं नवऱ्याला दुपारचा चहा दिला नाही.

चहा नसतानाही पंढरीनाथला तिचं तोंड बघवेना. शिवाय सात दिवसांचा घोळ होताच. हळदीकुंकू रथसप्तमीला, रविवारी, आणि त्यानंतर जानेवारीचे उरत होते सहा दिवस. कागद त्याआधी दिला तर वाचून दोघी फिरकणार नाहीत, आणि रविवारी दिला तर सही फेब्रुवारीतच, आणि माणिक गेलंच. त्यावर त्यानं तेहतीस वर्षांच्या अनुभवातून तोड काढली. रविवारी सह्या घ्यायच्या, कागद मागाहून पाकिटात घालून द्यायचा, आणि त्यावर तारीख टाकायची आदल्या रविवारची. ऑफिसात असल्या मागच्या तारखा त्यानं किती टाकल्या त्याला गणती नव्हती. सुलूला ते पटलं. पटलं म्हणजे काय, तिनं पटवून घेतलं. दोन पाकिटं तयार झाली, एकावर मंदाचं नाव, एकावर संचिताचं, आणि ती देवघराच्या खणात गेली.

रविवारी चारपासून बायका यायला लागल्या. सोफा गॅलरीत गेला होता, जमिनीवर सतरंजी, दारात रांगोळी, आणि स्वयंपाकघरात पंढरीनाथ पातेल्यासमोर दूध ढवळत उभा. ए विंगमधली सेक्रेटरीची बायको सुचेता आपल्या तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन आली. तिच्या वड्यांचं सोसायटीत फार कौतुक. समोरच्या भावनाबेन आल्या. मंदा पाटी खाली वॉचमनकडे ठेवून, पदर नीट करून आली आणि भिंतीला टेकून बसली. संचिता सगळ्यात शेवटी आली, मोरपिशी साडी नेसून.

सुलू तिला कुंकू लावायला वाकली तेव्हा संचितानं तिच्या कानाशी तोंड नेलं.

“काकू, राजीनामा टाइप करून झालाय. उद्या सकाळी देतेय. घरी अजून कुणाला बोलले नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.”

सुलूचं बोट तिच्या कपाळावर तसंच राहिलं. पोरीचे डोळे आनंदानं नुसते चमकत होते. या पोरीला आपण ‘माझ्याकडे बघ ना’ म्हणालो आणि तिनं भाबडेपणानं खरंच बघितलं, हे सुलूला त्या क्षणी असं लागलं की हातातला करंडा कलंडून थोडं कुंकू सतरंजीवर सांडलं. तिनं बाकीच्या दोघीतिघींना कसंबसं कुंकू लावलं. मग ती आत गेली. पंढरीनाथला वाटलं ती टोप न्यायला आली. तिनं टोपाला हात लावला नाही. देवघराचा खण उघडला, संचिताच्या नावाचं पाकीट फाडलं आणि कागद घेऊन बाहेर आली.

बसलेल्या बायकांसमोर उभं राहून तिनं सांगितलं की सरकारचा नवा नियम आलाय, त्याप्रमाणे आधी हे वाचून दाखवायचंय. तसा वाचून दाखवायचा नियम काही कुठं नव्हता, पण बसून वाचायला दिला असता तर पोरगी तो घडी घालून पर्समध्ये टाकणार हे सुलूला पक्कं माहीत होतं. तिनं पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली. नऊ वर्षांपूर्वीची कोरड पुन्हा घशाला आली होती. एकतीस म्हणाली, चार म्हणाली, वीस तास म्हणाली. कमाईशी आल्यावर ती थांबली, आणि मग सगळं वाचलं, आकडा आणि अक्षरी, अगदी ‘मात्र’सकट.

सुलू संचिताकडेच बघत होती.

“तू विचारलं होतंस ना, घर चालतं का,” ती म्हणाली. “नाही चालत गं. आमचं घर ह्यांच्या पेन्शनवर चालतं. मी हे करते, कारण मला हे आवडतं. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.”

संचिताचा चेहरा उतरला, मग लाल झाला, आणि तिनं मान खाली घातली. सुलूला वाटलं, झालं, पोरगी गेली, पट्टा गेला, आणि उद्यापासून लिफ्टमध्ये बायका आपल्याकडे बघून एकमेकींना कोपरखळ्या मारणार. तेवढ्यात भिंतीजवळून मंदाचा आवाज आला.

“ते समदं खरं. पन साबन चांगला हाय का न्हाय, ते कागदावर कुठं लिवलंय?”

सुलूनं कागद वरखाली बघितला. तसा रकाना त्यात नव्हता. साबण चांगला आहे, असं ती म्हणाली, नऊ वर्षं आपण दुसरा घरात आणलेला नाही. मंदानं मान डोलावली आणि सांगितलं की मग दोन बाटल्या लिही, मेंबर-बिंबर मात्र आपल्याला व्हायचं न्हाय.

यावर सुचेतानं अचानक आपला डबा पुढे ओढला. एवढं सगळं खरं चाललंय तर आपणही सांगून मोकळं होतो, असं म्हणून तिनं जाहीर केलं की या तिळाच्या वड्या गेली पाच वर्षं स्टेशनजवळच्या दुकानातून येतात, ती फक्त डबा बदलते. मग भावनाबेन अशा हसत सुटल्या की त्यांना दुधाचा ठसका लागला. ठसका थांबल्यावर त्या म्हणाल्या की योगा क्लासला त्या फक्त फोटोपुरत्या जातात, शवासनात घोरतात म्हणून टीचरनं त्यांना मागच्या रांगेत टाकलंय. मंदालाही राहवेना. तारोडीच्या वाडीतली म्हणून ती जी मेथी विकते त्यातली निम्मी भाईंदरच्या मार्केटातली असते, आणि हे तिनं इतक्या अभिमानानं सांगितलं की बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मग काय, जिला तिला कंठ फुटला. कुणाचा वजनाचा काटा खोटा निघाला, कुणाचं वय, कुणाच्या सासूची पुरणपोळी. दूध घेऊन बाहेर आलेल्या पंढरीनाथला बायकांनी दारातच अडवलं आणि साहेब, तुमचा नमुना कुठाय, म्हणून विचारलं.

पंढरीनाथनं ट्रे खाली ठेवला. साऱ्या सोसायटीत त्याला ‘साहेब’ म्हणत, आणि आजवर त्यानं ते कधी नाकारलं नव्हतं. “मी साहेब नव्हतो,” तो म्हणाला. “आवक-जावकला होतो. शेवटपर्यंत.”

ते आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे, असं सुचेता म्हणाली. साहेब लोक दुसऱ्याचे अर्ज भरून देत नाहीत. आणि सुलू काही लाखो रुपये मिळवत नाही, हेही साऱ्या बिल्डिंगला कळत होतं. लिक्विड घेतो ते टोप निघतो म्हणून, तू श्रीमंत आहेस म्हणून नाही, असं ती सुलूला म्हणाली, आणि सुलूला इतकं हलकं वाटलं की ती मटकन सतरंजीवर बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं, आणि दोन्ही लपवायची तिला गरज वाटली नाही. करपलेला टोप त्या दिवशी आतच राहिला. तरी ऑर्डरवहीतली पानं संपली आणि शेवटच्या ऑर्डरी कॅलेंडरच्या मागे लिहाव्या लागल्या.

सगळ्या गेल्यावर संचिता मागे राहिली. तिनं तो कागद मागून घेतला, घरी दाखवायचाय म्हणाली. राजीनामा देणार नव्हती. दुसरा दवाखाना शोधणार होती, जिथला डॉक्टर खेकसत नाही असा. दारात चपला घालताना ती थांबली.

“काकू, पुढच्या रविवारी तुमच्याबरोबर डेमोला येऊ का? मेंबर म्हणून नाही. नुसती. मला तुमच्यासारखं चारचौघांत बोलायला शिकायचंय.”

सुलू ये म्हणाली. ती गेल्यावर सुलूनं दुसरं पाकीटही फाडून टाकलं. माणिक गेलं होतं. स्टेजवरची खुर्ची, लाल पट्टा, नाशिकचं स्टेटस, सगळं गेलं होतं आणि त्याचं वाईट वाटत होतं, अगदी खरं वाईट. पण त्या वाईटाला त्या संध्याकाळी घरात बसायला जागाच मिळत नव्हती.

सोमवारी सकाळी दहाला चंदन सरांचा फोन आला. हळदीकुंकवाला आलेल्या कुणा जुन्या मेंबरनं ‘नमुना अ’चा फोटो ग्रुपवर टाकला होता. सर इतके गोंधळले होते की त्यांना धड रागावताही येईना. “सुलूताई, आपने ये क्या किया? तो नुसता मसुदा आहे. कायदा झालेलाच नाही अजून. पंधरा तारखेपर्यंत लोकांकडून फक्त हरकती मागवल्यात.”

फोन स्पीकरवर होता. पंढरीनाथनं पीडीएफ उघडली, यावेळी पुढून. पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, मसुदा. त्याखाली हरकती व सूचना पाठवण्याची मुदत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढणारा माणूस खुर्चीवर आक्रसून बसला. पहिलं पान आपण नंतर वाचणारच होतो, असं काहीतरी तो पुटपुटला. सुलूनं त्याच्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. साऱ्या देशात कुणी न सांगता, कायदा व्हायच्या आधीच, तिनं तो पाळून टाकला होता. ती हसता हसता ओट्याला धरून उभी राहिली, आणि थोड्या वेळानं पंढरीनाथही हसायला लागला. फोनवर चंदन सर हॅलो हॅलो करत राहिले.

सरांनी मग विरोधाचा तयार मजकूर पाठवला, खाली नाव घालून पुढे ढकलायचा. सुलूनं तो वाचला आणि त्यांना नम्रपणे कळवलं की आपला आपण लिहू. त्या दुपारी पंढरीनाथ फुलस्केप घेऊन बसला आणि सुलूनं फेऱ्या मारत मजकूर सांगितला. हरकत नाही, असं पहिलंच वाक्य. नमुना भरून बघितला, बायकांसमोर वाचला, धंदा बुडाला नाही, उलट माल कमी पडला. मग सूचना. कागद एका पानाचा असावा, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत, कारण प्रत्येकीच्या घरी आवक-जावकचा माणूस नसतो. आमच्यासारखीला अकरा रकाने भरायला दोन दुपारी गेल्या, त्यात मदत करायला कुणीतरी नेमावं. सात दिवसांची वाट मेंबर होण्यासाठी ठीक आहे, पण साबणाच्या बाटलीसाठी कुणाला थांबवू नये. आणि वस्तू चांगली आहे की नाही, याचा एक रकाना वाढवावा, ही सूचना तारोडीच्या मंदा यांची आहे.

पंढरीनाथनं सगळं सुवाच्य लिहिलं. शेवटी तपशील आला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि व्यवसाय या शब्दापुढे त्याचा हात सवयीनं ‘गृ’ काढून थांबला. रेशनकार्ड, बँकेचं खातं, मुलीच्या शाळेचा दाखला, बत्तीस वर्षं जिथं जिथं सुलूच्या नावापुढे हा रकाना आला तिथं त्यानं तोच शब्द लिहिला होता, आणि या नऊ वर्षांतही. त्यानं मान वर करून विचारलं की काय लिहू, माणिक तर आता नाही, पोवळं लिहू का.

सुलूनं त्याच्या हातातून पेन घेतलं. तो ‘गृ’ खोडला, आणि शेजारी स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, विक्रेती. मग खाली सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवून चहा ठेवायला गेली.